तापी आत्याचा रोट

सकाळी मी चहा घेत असते तेव्हा सुनेच्या मोबाइलवर एक गृहस्थ जगावं कसं ते शिकवत असतात. आवाज तुपात घोळलेला, अंगात कोट, पाठीमागे कुंडीतलं झाड. 'आपलं स्वतःचं तत्त्वज्ञान शोधा,' असं ते रोज सांगतात. सून मान डोलावत पोहे परतते आणि पोहे खाली लागतात. जळगावच्या या तिसऱ्या मजल्यावर बसून मी ते ऐकते आणि मला धुळ्याच्या आमच्या घराची पुढची खोली आठवते, कारण असले गृहस्थ मी फार लवकर पाहिले. तेव्हा त्यांना मोबाइल लागत नसे. आमची सतरंजी आणि माझ्या हातचा चहा एवढ्यावर त्यांचं भागत असे.

धुळ्यात गल्ल्यांना नावांपेक्षा आकडे जास्त. तशाच एका आकड्याच्या गल्लीत आमचं घर होतं आणि शेती साक्री रस्त्याला. घरात आबा म्हणजे माझे वडील, माय, माझा मोठा भाऊ अशोक, मी आणि तापी आत्या. आत्या आबांची धाकटी बहीण. नवऱ्याने दुसरी करून आणली तेव्हा ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिने आमच्या चुलीवर भाकरी टाकल्या, त्या पुढे कायमच तिने टाकल्या. घर जागं व्हायचं ते तिच्या आवाजांनी. आधी अंगणात झाडूचा खरखराट, मग परातीत पीठ आपटल्याचा आवाज, मग जात्याची घरघर, आणि त्या सगळ्यावर तिचं पुटपुटणं. ती मांडे करायची तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. पुरण भरलेला उंडा हातावर खेळवत खेळवत ती कोपरापर्यंत नेई आणि उपड्या खापरावर असा अलगद टाकी की एक सुरकुती पडत नसे. पाहुणे बोटं चाटत म्हणत, "आबांच्या घरचे मांडे म्हणजे काय विचारता!" आबा मिशीतल्या मिशीत हसत. त्यांना खापर चुलीवर उपडं ठेवतात की उताणं, हेही सांगता आलं नसतं.

अशोक कॉलेजात गेला आणि त्याला एक सर भेटले. ते तर्कशास्त्र शिकवत. त्यांचा दर रविवारी एक विचारवर्ग भरे, आणि सरांची स्वतःची खोली लहान म्हणून तो आमच्या पुढच्या खोलीत भरू लागला. आबांना तर्कशास्त्राशी देणंघेणं नव्हतं, पण धोतरावर इस्त्रीचा कोट घातलेला प्राध्यापक आपल्या ओट्यावर चपला काढतो, हे गल्लीने पाहावं असं त्यांना वाटे. वर्गात एक वकील होते, औषधाच्या दुकानाचे एक मालक होते, आणि बाकी अशोकसारखी नुकती मिसरूड फुटलेली पोरं. सरांचा मुख्य सिद्धांत असा की जगात परका कोणी नाही. तो मनात मुरावा म्हणून त्यांनी काही नेम घालून दिले होते. आडनाव सांगायचं नाही, बापाचं नाव सांगायचं नाही, बोली बोलायची नाही, आणि 'मी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'मी'ऐवजी म्हणायचं 'हा माणूस'. त्यामुळे मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले की वकीलसाहेब डोळे मिटून म्हणत, "या माणसाला साखर कमी." औषधवाले म्हणत, "हा माणूस अजून अर्धा कप घेईल." मला हसू आवरून बाहेर यावं लागे.

अशोकने ते घरातही सुरू केलं. एकदा कॉलेजातून येऊन तो चुलीपाशी उभा राहिला आणि मायला म्हणाला, "आपण वाढाल का? या माणसाला भूक लागली आहे." माय उठली, दारापर्यंत गेली, बाहेर कोणी आलंय का ते पाहून परत आली.

"कोनता मानूसले भूक लागनी?" तिने विचारलं.

"म्हणजे मला," अशोक म्हणाला.

"याले काय झायं वं?" मायने आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "काही नही. धाकला व्हता तवयबी जेवाना येळले असाच करे." आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली.

या मंडळींबद्दल मला तेव्हाही आदर वाटला नाही आणि आताही वाटत नाही. त्यांनी विचार अंगावर घातला होता तो नव्या शर्टासारखा, घडी मोडू नये म्हणून हात लांब धरून. त्यांच्यातल्या एकाचंही वागणं केसभर बदललेलं मी पाहिलं नाही, फक्त बोलणं बदललं. आपली बोली टाकली, बापाचं नाव टाकलं, आणि त्या जागी आलं काय, तर 'हा माणूस'. पण एक खरं सांगते, दाराआड उभी राहून मी त्यांचं सगळं ऐकत असे, आणि त्या भुशात एखादा दाणा मला सापडेही. एका रविवारी त्यांनी श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर चर्चा केली. चर्चा इतकी रंगली की मला पुन्हापुन्हा चहा टाकावा लागला, आणि आत्याने तळलेल्या शेवेचं ताटही संपलं. शेवटी सर रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "या घराच्या हाताला चव आहे." घराला हात कुठून आले, असं माझ्या मनात आलं. शेव घराने तळली नव्हती, आत्याने तळली होती, आणि तिच्या मनगटावर तेलाचा चटका अजून ताजा होता.

त्या दिवशी मी माझ्यापुरतं ठरवलं की जिने काम केलं तिचं नाव घ्यायचं. एवढंच. त्याला मी तत्त्वज्ञान वगैरे म्हटलं नाही. तो शब्द पुढच्या खोलीत फार वापरून गुळगुळीत झाला होता. पाहुण्यांनी मांडे वाखाणले की मी म्हणायची, "तापी आत्याने केलेत." आबांनी कुणाला सांगितलं की यंदा आमचा कापूस वेळेवर वेचून झाला, तर मी वेचणाऱ्या बायांची नावं घ्यायची. सुरुवातीला सगळे हसले, मग चिडले. एकदा आबांचे कोणी मित्र शेवभाजी खाऊन मायची तारीफ करू लागले तेव्हा मी सांगितलं की शेव दुकानातली आहे, आणि मायने मला आत नेऊन असा चिमटा काढला की तो हिरवानिळा झाला. पण मी सोडलं नाही. मला बघायला जळगावकडची मंडळी आली, तेव्हाही माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "हे मांडे पोरीने केले का?" आबा हो म्हणायच्या आत मी म्हटलं, "नाही, आत्याने. माझे फाटतात." मायने डोळे वटारले. सासरे मात्र खो-खो हसले, आणि लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं.

मध्ये श्रावण आला, आणि श्रावणात आमच्याकडे कानबाई. खानदेशात ज्यांच्या घरी कानबाई बसते त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. नारळाची देवी. पिढ्यान्पिढ्या तोच नारळ, त्याला डोळे, नथ, दागिने. केळीच्या खांबांच्या मखरात तिला रविवारी बसवायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन परत आणायची. तिच्यासाठी रोट करायचे. आमच्या घराण्याची रीत अशी की भाऊबंदांत जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू एका सुपात घ्यायचा. मूठ भरायची ती घरातल्या बिनलग्नाच्या मुलीने. तो गहू घरीच दळायचा आणि त्याचे जाडजूड रोट करायचे, माणशी एक. पंगतीत ज्याच्या त्याच्या नावाने हाक मारून ते वाढायचे. बायकांनी नवऱ्याच्या रोटातलं खायचं, पोरींनी बापाच्या. घराण्याबाहेरच्या तोंडात कण जाऊ द्यायचा नाही. आणि शेवटचा रोट संपेपर्यंत घरात दुसरं पीठ मळायचं नाही, तिखटाची फोडणी द्यायची नाही. दूध, खीर आणि रोट, बस्स.

लग्न झालेली लेक घराण्याबाहेरची. म्हणजे तापी आत्या बाहेरची. गहू निवडायची ती, दळायची ती, कानबाईची गाणी सगळ्यांत जास्त तिलाच येत, रोट भाजताना धुराने डोळे सुजायचे ते तिचे. पण खायला तिला रोट नाही. नवऱ्याकडच्या कानबाईशी तिचा संबंध उरला नव्हता आणि आमच्या कानबाईला तिचं नाव नव्हतं. घरात दुसरं पीठ मळायचं नसल्यामुळे तिच्यासाठी शेजारणीकडून भाकरी येई. पुढे पंगत बसलेली असे, नावं पुकारली जात, आणि आत्या चुलीजवळ भिंतीकडे तोंड करून शेजारणीची गार भाकरी खात असे. लहानपणापासून मी ते पाहत आले होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्या वर्षी दिसलं. त्याचं एक कारण असं की पुढच्या श्रावणात माझं लग्न झालेलं असणार होतं, आणि मी सणाला माहेरी आले तर शेजारणीला भाकरी दोन कराव्या लागणार होत्या.

गहू निवडताना मी आत्याला विचारलं, "आत्या, तुले रोट खावासा वाटस का?"

तिने मान वर केली नाही. "रोटनी भूक कोनले शे?" म्हणाली, आणि खडा बाजूला टाकला.

मी अशोकला गाठलं. म्हटलं, तुमच्यात परकं कोणी नाही ना, मग आबांशी बोल, यंदा आत्याच्या नावाची मूठ घेऊ. अशोकने खिडकीबाहेर पाहिलं. "या माणसाला वाटतं," तो म्हणाला, "ही गोष्ट तूर्त विचाराच्या पातळीवर ठेवावी." त्याची स्वतःची वेगळीच पंचाईत झाली होती. कानबाई रविवारी आणि वर्गही रविवारी. सरांनी त्याला विचारलं होतं की तुम्ही नारळापुढे बसणार की विचारापुढे. अशोकने सरांना सांगितलं, हा माणूस नारळापुढे बसणार नाही. आणि आबांना सांगितलं, सरांना ताप आहे, वर्ग नाही. मग तो सोवळं नेसून नारळापुढे बसला. जगात इतके लोक तत्त्वज्ञान बाळगतात आणि तरी कुणाचं काही अडत नाही, ते कसं, हे मला माझ्या भावाकडे पाहून कळलं.

मूठ भरायच्या वेळी ओटा माणसांनी भरला होता. आबांचे चुलतभाऊ नाना पलीकडच्या गल्लीत राहत. ते भाऊबंदांत वडील, म्हणून नावं पुकारायचा मान त्यांचा. मी सुपापुढे बसले. "नारायण दगडू," नाना म्हणाले, म्हणजे आबा, आणि मी मूठ आणि पाव मूठ टाकली. मग "भिका तुकाराम" म्हणजे स्वतः नाना, मग त्यांची मुलं, मग "अशोक नारायण". इथे अशोकला बापाचं नाव चाललं. नावं संपली, नाना हात जोडायला लागले, आणि मी आणखी एक मूठ भरून मोठ्याने म्हटलं, "तापी दगडू." सव्वा मूठ सुपात पडली. मी दोन्ही हातांनी गहू खालीवर करून टाकला.

चुलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

"हाई काय करं वं?" नाना ओरडले. "काढ ते दाना!"

"कोनता काढू, नाना? वळखी द्या, मी काढी देसू."

नानांनी खरोखरच सुपात वाकून पाहिलं. आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते माझ्यावर हात उगारतील असं मला वाटलं, आणि मी घाबरून सूप जवळ ओढलं. पण कानबाईच्या सुपात पडलेला दाणा परत कणगीत नेत नाहीत आणि नवा गहूही घेत नाहीत. ही रीत मी नाही, त्यांनीच मला शिकवली होती. मी अशोककडे पाहिलं. तो छताचे वासे मोजत असल्यासारखा वर बघत होता. काय करावं ते कुणालाच सुचेना तेव्हा माय पुढे आली, तिने सूप उचललं आणि जात्याशी जाऊन बसली. घरघर सुरू झाली. माझी माय जन्मात तत्त्वाबद्दल एक शब्द बोलली नाही.

कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी पांझरा नदीवर जाऊन आली. पंगतीत एकेकाचं नाव पुकारून रोट वाढले गेले आणि पाटावर फडक्याखाली एक रोट उरला. त्याचं करायचं काय, यावर भाऊबंदांची जी बैठक झाली तिच्यापुढे अशोकचा वर्ग काहीच नव्हे. तापी घराण्याबाहेरची, म्हणून ती तो खाऊ शकत नव्हती. तो तापीच्या नावाचा, म्हणून दुसरा कोणी खाऊ शकत नव्हता.

"दुसराना नावना रोट खादा तं त्यानं आयुष्य खादं," नाना म्हणाले.

"मंग पांझरामा सोडी द्या," त्यांचा थोरला म्हणाला.

"कानबाईना रोट पानीमा? येडा शे का तू?"

मोठमोठे बाप्ये, कपाशीचा भाव तोंडपाठ असलेले, आणि एका रोटाभोवती बसून दात कोरत होते. तिला घराण्यातली म्हटलं की सगळं सुटत होतं, हे त्यांतल्या प्रत्येकाला दिसत होतं आणि प्रत्येक जण दुसरीकडे बघत होता. रोट तसाच राहिला. म्हणजे आमच्या आणि नानांच्या, दोन्ही घरांत चुली अडकल्या. बाकीचे रोट संपले. मग नुसती खीर आली, मग नुसतं दूध. नानांचा धाकटा दुधाचा पेला पाहिला की उठून जाऊ लागला. आबा माझ्याशी बोलत नव्हते, पण ओट्यावर बसून मिरचीच्या ठेच्याबद्दल बोलत होते, कुणाशीही. समोरच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास सुटला की आमचे पुरुष बोलता बोलता थांबत.

त्याच दिवसांत सर आले. अशोकने त्यांना सगळं सांगितलं होतं, त्यात स्वतःची बाजू कशी सांगितली ते मला माहीत नाही. सरांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

"सुमन नारायण," मी म्हटलं.

"वडिलांचं नाव नको. सुमन पुरे." ते प्रसन्नपणे म्हणाले, "आपण जे केलंत ते आमच्या विचाराचं प्रात्यक्षिक आहे. येत्या रविवारी वर्गापुढे बोला. फक्त दोन गोष्टी सांभाळा. भाषा शुद्ध ठेवा. आणि हे स्पष्ट सांगा, की या नारळावर आपला विश्वास उरलेला नाही. तसं नसेल तर त्या कृतीला अर्थ राहत नाही."

शुद्ध मराठी मला येत होती, शाळेत मला त्याबद्दल बक्षीसही मिळालं होतं. पण त्या वेळी ती माझ्या तोंडात येईना. "सर," मी म्हटलं, "मी कानबाईले मानस. मानस म्हनीसनच मूठ टाकी. जी मानत नही, तिले रोटनं काय पडेल शे?"

"मग आपल्यात आणि आपल्या वडिलांत फरक काय राहिला?"

"ते आबाले इचारा. त्या मन्हासंगे बोलत नहीत."

सर हसले, लहान मुलाशी हसतात तसे, आणि चहाची वाट बघू लागले. मी उभीच राहिले. "या मानूसले आज चहा करना नही," मी म्हटलं आणि आत आले. अशोकचं तोंड उघडं पडलेलं मला दाराच्या फटीतून दिसलं. मनापासून सांगते, मला फार फार बरं वाटलं. पुढे तो वर्ग वकीलसाहेबांकडे भरू लागला आणि तिथे बिस्किटं विकतची असत, असं ऐकलं.

मला पुढे जळगावला सासरी आल्यावरही असे सर खूप भेटले, काही साडी नेसलेले. कुणी म्हणालं, एवढी शिकलेली बाई 'शे, शे' काय करते. सासरकडची बोली वेगळी, त्यांना माझ्या बोलीचं हसू येई. कुणी म्हणालं, एवढं समानतेचं बोलते आणि कानबाईपुढे डोकं टेकते. या लोकांना माणूस एका रंगाचा लागतो, म्हणजे ओळखायला कष्ट पडत नाहीत. मी बोली सोडली नाही, कानबाई सोडली नाही, आणि काम करणारीचं नाव घ्यायचंही सोडलं नाही. आजही सुनेचे करपलेले पोहे कोणी माझ्या नावावर घातले तर मी खपवून घेत नाही. मोबाइलवरच्या त्या गृहस्थांना हे सांगितलं तर ते म्हणतील, छान, आता याच्या पाच पायऱ्या करू. तर ते राहू द्या.

शेवटी भूक जिंकली. एका संध्याकाळी नाना मुलांना घेऊन आले, पुढच्या खोलीत कुजबुज झाली, आणि सगळे पुरुष स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत्या चूल सारवत होती. आबा खाकरले.

"तापी, तो रोट खाई ले. बठ्ठा खोळंबी रायनात," म्हणजे सगळे खोळंबलेत, असं ते म्हणाले.

"कोनना रोट?" आत्याने विचारलं. तिचा हात सारवतच होता.

"तो... पाटवरना."

"त्याले नाव नही का?"

आबा पुन्हा खाकरले. नाना म्हणाले, "आठेच चुलाजोडे बठ ना वं, खाई टाक. कोनले समजी?"

आत्या उठली. हात धुतले, पदराला पुसले. ती इतकी ताठ उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. "चुलाजोडे बठीसन मी शेजारनी भाकर खास," ती म्हणाली. "रोट पंगतमा खातस. तुम्हना बठ्ठास्ना रोट नाव लीसन उठना, मन्हाच बिननावना काबरं? पाट मांडा, हाक मारा. मंग बठसू. नही तं राहू द्या तठेच, माले काही घाई नही."

घाई कुणाला होती ते सगळ्यांना माहीत होतं. नानांचा थोरला कळवळून म्हणाला, "मारा ना हाक, आबा!" आबांनी नानांकडे पाहिलं, नाना दुधाच्या पातेल्याकडे पाहत होते. मग माझ्या बापाने स्वतःच्या हाताने पाट मांडला. जन्मात पहिल्यांदा मांडला असावा, कारण तो भिंतीला तिरका बसला. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "तापीबाई."

आत्या जागची हलली नाही. "बापनं नाव ल्या, भाऊ. मन्हा बाप तोच, जो तुम्हना."

"तापी..." आबा म्हणाले, वाकून त्यांनी तिरका पाट सरळ केला, "तापी दगडू."

मग ती आली. डोक्यावरून पदर घेतला, कानबाईच्या रिकाम्या मखराला हात जोडले आणि पाटावर बसली. "अशोक, पानी आन," ती म्हणाली, आणि अशोक मुकाट्याने तांब्या घेऊन आला. मी रोट वाढला. तो आता चांगलाच कडक झाला होता. तिने गुडघ्यावर ठेवून तो मोडला, त्याचा आवाज घरभर झाला. एक तुकडा तिने दुधात घातला, काढला, चावून चावून खाल्ला. मग दुसरा. पुरुष दारात दाटीवाटीने उभे होते आणि कुणाला बसावं की जावं ते कळत नव्हतं. समोरच्या घरून फोडणीचा वास आला. नाना एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले.

"आवर ना वं जरासं," ते म्हणाले.

आत्याने घास गिळला. पदराने ओठ टिपले. "मन्हा रोट शे, नाना," ती म्हणाली. "मी मन्हा मनवर खासू." आणि पुढचा तुकडा दुधात बुडवून ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, तो पुरता मऊ होईपर्यंत.